हेल्मेटच्या आतला आवाज

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर कीर्तन, काशीतील मराठी घराणी, गंगेचे घाट अशा विषयांवर ऐकण्याची आपल्याला सवय आहे. तिथे आज फटफटीवर बोलायला मला उभे केले आहे. मी डिप्लोमा झालेला मेकॅनिकल इंजिनियर, आयुष्य लोखंडात आणि ग्रीसमध्ये गेले. वक्तृत्वाची अपेक्षा करू नये. पण विषय कार्यकारिणीनेच दिला आहे, आणि त्यामागे कारण आहे. आपल्यातील सहा-सात कुटुंबे अलीकडे पावसाळ्यात मोटरसायकलींवर राजदरी-देवदरीचे धबधबे पाहायला, विंध्याचलाला, प्रयागराजला जातात. पूर्वी हीच मंडळी जीप ठरवून जात. या तरुणांनी आता हेल्मेटमध्ये बसवायची बोलण्याची यंत्रे घ्यायचे काढले आहे. ज्याला ‘इंटरकॉम’ म्हणतात ते. ‘काका, कोणते घेऊ?’ हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात इतक्यांनी विचारला, की एकदाच सगळ्यांना सांगितलेले बरे.

प्रथम, हे यंत्र म्हणजे काय ते ज्येष्ठांसाठी सांगतो. पन्नास-साठ ग्रॅम वजनाची एक डबी हेल्मेटच्या डाव्या बाजूला बाहेरून बसते. आत दोन्ही कानांसमोर दोन चपटे स्पीकर आणि तोंडासमोर एक माइक. त्यावर मागे बसलेल्याशी किंवा दुसऱ्या गाडीवरच्या माणसाशी बोलता येते, फोन घेता येतो, रस्ता दाखवणाऱ्या बाईचा आवाज ऐकता येतो आणि गाणीही लागतात. दुकानदार हीच यादी उलट्या क्रमाने सांगतो. गाणी आधी, बोलणे शेवटी. माझे आजचे सगळे म्हणणे या क्रमाबद्दल आहे.

आमच्या रेल्वेत इंजिनाच्या कॅबमध्ये काय बोलले जाते, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. लोको पायलट आणि सहाय्यक लोको पायलट हे दोघे समोर दिसणारा प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. एकाने ‘डबल पिवळा’ म्हणायचे, दुसऱ्यानेही स्वतः पाहून तेच म्हणायचे, सोबत हाताची खूण. नवख्या माणसाला हा प्रकार शाळकरी वाटतो. पण चार डोळ्यांनी पाहिलेले आणि दोन तोंडांनी म्हटलेले चुकण्याची शक्यता कमी, एवढाच त्याचा हिशेब. गाडी चालवताना लोको पायलटचा मोबाईल बंद. मागे गार्डकडे, ज्यांना २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, वॉकी-टॉकी असतो आणि त्यावर कामापुरतेच बोलतात.

आणखी एक वस्तू सांगतो, कारण ती आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. पौष-माघात आपल्याकडे जे धुके पडते ते आपण जाणताच. सकाळी घाटावरून समोरची रेती दिसत नाही. अशा वेळी लोको पायलटला सिग्नल दिसणार कसा? पूर्वीपासून रुळावर पटाखे लावायची पद्धत आहे, इंजिन त्यावरून गेले की आवाज होतो आणि सिग्नल जवळ आल्याचे कळते. आता त्याच्या जोडीला ‘फॉग सेफ डिव्हाइस’ नावाची एक पेटी कॅबमध्ये ठेवतात. ती उपग्रहावरून गाडीची जागा ओळखते आणि सिग्नल किंवा फाटक सुमारे ५०० मीटरवर आले की पडद्यावर दाखवते व तोंडी सांगते. बाकी वेळ ती गप्प असते. ती वेग ठरवत नाही, ब्रेक लावत नाही. पुढे काय येत आहे तेवढे सांगते.

मोटरसायकलवर बसलेल्या माणसाच्या कानाला यापेक्षा जास्त काही लागत नाही, असे माझे मत आहे.

आता आवाजाचा हिशेब. डिझेल इंजिनाच्या टेस्ट शेडमध्ये ज्यांनी वर्षे काढली ते इथे पहिल्या दोन रांगांत बसले आहेत, त्यांना डेसिबल मी शिकवायला नको. इतरांसाठी सांगतो, डेसिबल हे किलो-लिटरसारखे सरळ वाढत नाहीत. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. आपल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था, नायॉश, त्याहून कडक आहे: ८५ डेसिबलला आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला फक्त १५ मिनिटे.

आणि हेल्मेटच्या आत किती असतो? ताशी १०० किलोमीटर वेगाला हवेचा आवाजच ९५ ते १०० डेसिबलच्या आसपास जातो, चांगले हेल्मेट घालूनसुद्धा. हा इंजिनाचा नव्हे, मानेपाशी आणि काचेपाशी फाटणाऱ्या हवेचा आवाज. हेल्मेट डोके वाचवते, कान फारसे वाचवत नाही. बनारस ते प्रयागराज सव्वाशे किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग १९ वरून सरासरी दोन-अडीच तास. वरच्या कोष्टकात हे बसवून पाहा. त्यातच गाणी ऐकायची म्हणजे स्पीकरचा आवाज हवेच्या आवाजाच्या वर न्यायला हवा. आधीच ९५, त्यावर गाणे. ज्याला हौस असेल त्याने ऐकावे, पण पन्नाशीत नातवाचे बोलणे दोनदा विचारायची तयारी ठेवावी. कानाच्या आतल्या ज्या केसांसारख्या पेशी मरतात त्या पुन्हा उगवत नाहीत. मशीनचा बेअरिंग बदलता येतो, हा नाही.

म्हणून यंत्र घेण्याआधी दोन गोष्टींवर पैसे घालावेत. एक, नीट बसणारे, पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट, आयएस ४१५१ मानकाचे. १ जून २०२१ पासून देशात बीआयएस प्रमाणित हेल्मेटच बनवायचे व विकायचे असा नियम आहे, तरी रस्त्याकडेला काय मिळते ते आपण पाहतोच. दुसरे, लांबच्या प्रवासासाठी फोमचे कानबोळे, वीस-तीस रुपयांचे. यावर लगेच शंका येते की मग हॉर्न कसा ऐकू येणार? टेस्ट शेडवाले सांगतील, मफ लावल्यावर शेजारच्याचे बोलणे उलट स्पष्ट येते. बोळा हवेचा आवाज आणि कामाचा आवाज दोन्ही खाली आणतो, आणि कान बधिर झालेला नसल्याने त्यातले बोलणे उचलतो. स्पीकर असताना तर फरक चटकन कळतो. मात्र हे महामार्गासाठी. गोदौलियात, लंकेवर बोळे घालून गाडी चालवू नये. तिथे तीस किलोमीटरच्या वर वेग जात नाही आणि सांड, रिक्षा व माणूस तिन्ही मागून येतात.

आता खरेदीकडे येतो.

पहिला प्रश्न मी उलटा विचारतो: तुम्ही बोलणार कोणाशी? नवरा-बायको एकाच गाडीवर, एवढेच असेल तर साध्या ब्लूटूथची जोडी पुरते. दोन गाड्या असल्या तरी पुरते. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालते, ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत, म्हणून त्यात इतरांचा खरखराट कमी शिरतो. या पट्ट्याला आपल्या देशात परवाना लागत नाही. इंटरनेटवर जे मोठे वॉकी-टॉकी विकायला असतात त्यांतल्या बऱ्याच संचांना लागतो, हे लक्षात ठेवावे. आणि मोबाईलचे नेटवर्क नसले तरी इंटरकॉम चालतो. चंद्रप्रभा अभयारण्याच्या बाजूला गेलेल्यांना याचे महत्त्व कळेल.

गाड्या चार-पाच झाल्या की ब्लूटूथची साखळी होते. पहिला दुसऱ्याशी जोडलेला, दुसरा तिसऱ्याशी. मधला कोणी पेट्रोल भरायला थांबला की साखळी तुटते आणि पुढचे-मागचे दोघेही मुके होतात. मालगाडीचे कपलिंग सुटल्यासारखेच. याच्यावर उपाय म्हणून ‘मेश’ पद्धत आली. इस्रायलच्या कार्डो कंपनीने ती २०१६ च्या सुमारास बाजारात आणली, पुढे सेना कंपनीनेही आणली, आणि आपल्याकडे बंगळुरूच्या ब्लूआर्मरनेही स्वतःची बनवली. यात प्रत्येक संच बाकीच्या सगळ्यांना धरून असतो. एक गेला तरी उरलेले आपला रस्ता शोधतात आणि तो परत आला की आपोआप जोडला जातो. आपल्या सहा-सात गाड्यांच्या मंडळींना मेशच हवे.

पण इथे एक मोठी मेख आहे. एका कंपनीचे मेश दुसऱ्या कंपनीच्या मेशशी बोलत नाही. बोलायचे तर परत साध्या ब्लूटूथवर उतरावे लागते, आणि तेही खटपटीने. तेव्हा प्रत्येकाने आपापल्या आवडीचा संच घेऊन मग एकत्र जमायचे, असे करू नका. आधी बसून एक कंपनी ठरवा. मराठी माणसांना हे अवघड आहे हे मला मान्य आहे, पण इलाज नाही.

खोक्यावर लिहिलेल्या अंतराकडे फार लक्ष देऊ नये. एक-दीड किलोमीटर लिहिलेले असते ते मोकळ्या सपाट मैदानात, मध्ये काही न येता. २.४ गिगाहर्ट्झची लहर सरळ जाते, डोंगर आणि ट्रक तिला अडवतात. अहरौऱ्याच्या पुढे वळणे सुरू झाली की ते अंतर झपाट्याने आटते. माझ्या मते हे चांगलेच आहे. ज्याचा आवाज तुटला तो फार मागे पडला, असे समजावे आणि पुढच्याने वेग कमी करावा.

खोक्यावर ‘नॉइज कॅन्सलेशन’ असेही असते. बहुतेक संचांत ते माइकसाठी असते, म्हणजे तुमचे बोलणे समोरच्याला स्वच्छ जावे म्हणून. तुमच्या कानातला हवेचा आवाज त्याने कमी होत नाही. हा गैरसमज मी फार जणांत पाहिला. पूर्ण हेल्मेटला हनुवटीच्या आत चिकटवायचा बटणासारखा माइक येतो, अर्ध्या किंवा उघडणाऱ्या हेल्मेटला दांडीचा. दोन्ही बरोबर येतात का ते पाहून घ्यावे.

स्पीकर बसवण्यात जितका निष्काळजीपणा होतो तितका कुठेच होत नाही. तो कानाच्या भोकासमोर हवा. बोटभर पुढे-मागे झाला तर निम्मा आवाज वाया जातो आणि मग माणूस बटण दाबून आवाज वाढवत बसतो. आधी दोरा आणि चिकटपट्टी लावून तात्पुरता बसवावा, अर्धा तास फिरून यावे, जागा पक्की झाली की मग बसवावा. कानाच्या पाळीला टोचत असेल तर तासाभराने डोके उठते. आणि कृपा करून जागा करण्यासाठी आतला थर्मोकोलसारखा पांढरा थर कोरू नका. तोच थर आपटल्यावर दबतो आणि डोके वाचवतो. स्पीकरसाठी खोलगट जागा असलेली हेल्मेटे मिळतात. डबी चिकटवण्याची किंवा क्लिपने अडकवायची असते, भोक पाडून स्क्रू मारायचा नसतो. आपल्या कारखान्यातल्या मंडळींचे हात शिवशिवतात म्हणून मुद्दाम सांगितले.

पावसाचे म्हणाल तर आयपी ६७ असे काही लिहिलेले पाहा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. ६५ असेल तर पाण्याची धार सोसते, बुडवणे नाही. आपल्या श्रावणाला दोन्ही पुरतात, मात्र चार्जिंगच्या भोकाचे रबरी झाकण लावलेले असले पाहिजे.

आपल्याकडे पाण्यापेक्षा उन्हाची काळजी जास्त. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि हेल्मेट आरशाला लटकवून दुपारभर ठेवले तर आतली लिथियमची बॅटरी त्याहून तापते. तापलेली बॅटरी लगेच चार्जला लावू नये, सावलीत थंड होऊ द्यावी. हंगाम संपल्यावर संच पूर्ण रिकामा करून कपाटात टाकू नये, दोन-तीन महिन्यांनी थोडा चार्ज द्यावा. बॅटरी बहुधा आत बंदिस्त असते. काही वर्षांनी तिचा जीव कमी होणारच. म्हणून दुरुस्तीची सोय देशात आहे का, सुटे स्पीकर-माइक मिळतात का, हे घेण्याआधी विचारावे. माझ्या एका सहकाऱ्याचा परदेशी संच स्पीकरच्या तुटलेल्या वायरसाठी पाच महिने पडून होता. वायर चार इंचांची.

किमती काही हजारांपासून तीस हजारांच्या पुढेपर्यंत आहेत. जाहिरातीतली किंमत एका संचाची की जोडीची, हे नीट वाचावे. हातमोजे घालून, न पाहता, आवाज कमी-जास्त करता येतो का हे दुकानातच करून पाहावे. मोठे चाक किंवा मोठे बटण चांगले. बोलून हुकूम देण्याच्या सोयीवर फार भिस्त ठेवू नये, आपले मराठी-हिंदी-इंग्रजी मिश्रण ऐकून ते यंत्र भलत्याच माणसाला फोन लावते.

आता कायद्याचे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटर वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, चालवताना हातात धरलेले संपर्क उपकरण वापरणे हे धोकादायक चालवण्यात मोडते. हेल्मेटातला संच हातात धरलेला नसतो, म्हणून तो त्या शब्दात येत नाही, असे कोणी म्हणेल. शब्दाचे राहू द्या. मेंदूचे काय? अमेरिकेतील युटा विद्यापीठात २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मोटार चालवण्याच्या नकली यंत्रावर लोकांना बसवले आणि ठराविक ठिकाणी रस्ता सोडून बाहेर पडायला सांगितले. हात मोकळे ठेवून फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे ते ठिकाण चुकले. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणारे फार थोडे चुकले. कारण शेजारचा माणूस तोच रस्ता पाहत असतो. गर्दी आली की तो आपोआप गप्प होतो, आणि ‘अरे, इथे वळायचे आहे’ असेही सांगतो. फोनवरच्या माणसाला समोरचा ट्रक दिसत नाही.

हीच गोष्ट आमच्या कॅबमध्ये आहे. सहाय्यक तोच सिग्नल पाहतो, म्हणून त्याचे बोलणे मदतीचे. घरून आलेला फोन तसा नाही, तो कितीही प्रेमाचा असो. म्हणून संच घेतल्यावर पहिले काम, फोन आपोआप उचलायची सोय बंद करा. घरच्यांना सांगून ठेवा की दर तासाला थांबू तेव्हा आम्हीच करू. आणि इंटरकॉमवरून सगळ्यांना एकच गाणे ऐकवायची जी सोय असते, ती शोधूसुद्धा नका.

इथे भगिनींना एक विनंती. मागे बसणारी व्यक्ती हे सामान नव्हे, ती सहाय्यक लोको पायलट आहे. तिला मानेच्या पलीकडचा रस्ता दिसतो. ‘डावीकडे खड्डा’, ‘गतिरोधक’, ‘मागून ट्रक’ एवढे तिने म्हणायचे, चालवणाऱ्याने तोच शब्द उलट म्हणायचा. पाहुण्यांना किती पेढे दिले आणि कोणाचे लग्न कुठे ठरले, हा विषय चहाच्या टपरीवर काढावा. हे दोन्ही बाजूंना लागू आहे, आमच्या घरी तरी जास्त बोलणारा मीच आहे.

समूहाने जाताना पुढचा लोको पायलट आणि शेवटचा ट्रेन मॅनेजर, असे दोघे ठरवून ठेवा. मुख्यतः त्या दोघांनी बोलायचे. बाकीच्यांनी अडचण असली तरच, आणि आधी स्वतःचे नाव सांगून. ओव्हरटेक करताना, वळणावर आणि गावातून जाताना कोणी काही विचारले तर उत्तर न देणे हेच उत्तर समजावे. हाताच्या खुणा मात्र सगळ्यांना पाठ हव्यात. यंत्र बंद पडते. रेल्वेत आजही हिरवा-लाल झेंडा कॅबमधून गेलेला नाही, तो याचसाठी.

आणि शेवटी, जे शिवपूरहून किंवा सारनाथहून रोज स्कूटरने कामावर येतात, ज्यांचे सगळे फिरणे शहरातच आहे, त्यांनी हे काही घेऊ नये. मला तीन जणांनी त्यासाठी विचारले होते. दहा किलोमीटरच्या रस्त्यात ज्याला कानात काही लावावेसे वाटते, त्याने दहा मिनिटे लवकर निघावे. तेच पैसे चांगल्या हेल्मेटवर आणि मागे बसणाऱ्याच्या दुसऱ्या हेल्मेटवर घालावेत. मागच्याला हेल्मेट कलम १२९ ने सक्तीचेच आहे, चार वर्षांवरील मुलालासुद्धा. न घातल्यास कलम १९४ड खाली एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना जातो. आपल्या उत्सवाला आज संध्याकाळी जितक्या गाड्या बाहेर लागल्या आहेत, त्यांवर मी येताना हेल्मेटे मोजली. आकडा सांगत नाही, अध्यक्षांना वाईट वाटेल.

ओसरीत टेबलावर दोन हेल्मेटे ठेवली आहेत, एकात ब्लूटूथचा साधा संच बसवलेला आहे आणि दुसऱ्यात मेशचा. दोन्ही चार्ज केलेले आहेत. आरती झाल्यावर ज्यांना पाहायचे त्यांनी एकेक करून घालून पाहावे, स्पीकर कानासमोर येतो का ते तपासावे, आणि घालण्यापूर्वी प्रसादाचे हात धुवावेत.